संगणकावरील वाद्यें आणि त्यांचे फॉरमॅट

संगणकाच्या साहाय्यानें संगीत रचण्याची व मुद्रित करण्याची विद्या आतां नवी राहिलेली नाहीं. चित्रपटाचें पार्श्वसंगीत असो, भावगीत असो, वा नभोवाणीवरील एखाद्या कार्यक्रमाचे आरंभीचे सूर असोत, त्यांच्या मुद्रणास संगणकाचा हात लागलेला नाहीं असें आज क्वचितच घडतें. या विद्येची एक शाखा मात्र सामान्य रसिकाच्या दृष्टीआड राहिली आहे. ती म्हणजे प्लगइन घडविण्याची कला. ध्वनिमुद्रणाचें मुख्य सॉफ्टवेअर एकानें केलेलें असतें. त्यांत वाजणारें पियानोसारखें वाद्य दुसऱ्यानें केलेलें असतें. आणि गायकाच्या आवाजाला देवळाच्या गाभाऱ्यांतील घुमारा देणारें साधन तिसऱ्याच कोणाचें असतें. मुख्य सॉफ्टवेअरला या धंद्यांत होस्ट, म्हणजे यजमान, असें म्हणतात. आणि बाहेरून येऊन त्याच्या घरांत काम करणाऱ्या पाहुण्याला प्लगइन म्हणतात. यजमानानें व पाहुण्यानें परस्परांशीं कोणत्या रीतीनें वागावें याचे जे लेखी नियम, त्यांस फॉरमॅट असें नांव आहे.

असे फॉरमॅट एक नव्हे, अनेक आहेत. आणि नवें वाद्य घडवूं इच्छिणाऱ्या तरुणापुढें पहिला प्रश्न हाच उभा राहतो, कीं यांपैकीं कोणता धरावा व कोणता सोडावा. हा प्रश्न केवळ कारागिराच्या सोयीचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु ज्या फॉरमॅटांत वाद्य घडलें तो फॉरमॅट मोडीत निघाला, म्हणजे त्या वाद्यावर रचलेलें गाणें पुन्हां पूर्ववत् उघडत नाहीं. माळ्यावर वीस वर्षें पडून राहिलेली सतार झाडून-पुसून, तारा बदलून पुन्हां वाजवितां येते. वीस वर्षांपूर्वींचें प्लगइन नव्या संगणकावर बहुधा मुकेंच राहतें. गाण्याचा आराखडा असतो, सुरांची नोंद असते, पण तो सूर ज्याच्या कंठांतून निघाला तें वाद्यच हजर नसतें. म्हणून या निवडीचा संबंध शेवटीं संगीतकाराच्या वर्षानुवर्षांच्या कष्टांशीं आहे.

फॉरमॅट नेमकें कोणतें काम करतो हें आधीं पाहिलें पाहिजे. संगणकाच्या पोटांत नाद म्हणजे अंकांची एक लांबलचक रांग असते. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणानें एका सेकंदाच्या नादासाठीं, प्रत्येक कानापुरते, ४४,१०० अंक लागतात. यजमान ही सबंध रांग एकदम पाहुण्याच्या स्वाधीन करीत नाहीं. तो तिचे लहान लहान गठ्ठे करतो. एका गठ्ठ्यांत २५६ अंक आहेत असें धरल्यास, २५६ ला ४४,१०० नें भागून सेकंदाचा जो अंश येतो तो सुमारें ५.८ मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदाच्या पावणेदोनशाव्या भागाहून किंचित् अधिक. तेवढ्या अवधींत प्लगइननें गठ्ठा घ्यावयाचा, त्यावर आपला संस्कार करावयाचा आणि तो परत द्यावयाचा. शिवाय हा अवधि त्या एकट्याचा नसतो. त्याच गाण्यांत बसलेल्या इतर वीस-पंचवीस प्लगइनांनाहि त्यांतच आपलें काम उरकावयाचें असतें. उशीर झाला कीं ऐकणाऱ्याच्या कानीं 'टक्' असा खटका येतो आणि मुद्रण फुकट जातें. म्हणून या अवधींत प्लगइननें संगणकाजवळ नवी स्मृति मागूं नये, डिस्कवरील फाइल वाचूं नये, दुसऱ्या कोणाची वाट पाहत थांबूं नये, हा सर्व फॉरमॅटांना समान असा दंडक आहे. गवयानें समेवर यावयाचें तें यावयाचेंच. 'जरा थांबा' असें तबलजीला सांगण्याची सोय तेथें नसते.

अंकांच्या गठ्ठ्यांची ही देवघेव हें फॉरमॅटचें पहिलें काम होय. कोणता सूर केव्हां सुरू झाला व केव्हां थांबला हें वाद्याला कळविणें, हें दुसरें. पडद्यावरील एखादी कळ फिरविली असतां झालेला फरक यजमान व पाहुणा या दोघांच्याहि वहींत सारखा नोंदला जाणें, हें तिसरें. काम बंद करतांना वाद्याची सर्व स्थिति जतन करून पुढल्या खेपेस ती जशीच्या तशी उभी करणें, हें चौथें. आणि वाद्याची खिडकी यजमानाच्या पडद्यावर मांडणें, हें पांचवें. कोणताहि फॉरमॅट घेतला तरी हीं पांच कामें त्याला करावींच लागतात. मग फॉरमॅटाफॉरमॅटांत भेद कशाचा? थोडा भेद रीतीचा असतो. आणि मोठा भेद मालकीचा असतो. ही दुसरी गोष्ट नवशिक्याच्या ध्यानांत फार उशिरां येते. ती नीट समजण्यासाठीं या फॉरमॅटांपैकीं सर्वांत प्रसिद्ध अशा एकाचा इतिहास पाहणें उपयोगी पडेल.

जर्मनींतील हॅम्बर्ग शहरीं १९८४ सालीं स्टाइनबर्ग नांवाची कंपनी स्थापन झाली. क्यूबेस हें तिचें मुद्रणाचें सॉफ्टवेअर होय. १९९६ सालीं या कंपनीनें व्हीएसटी नांवाचा फॉरमॅट आणला. तोंपर्यंत आवाजाला घुमारा देणें, त्याची पातळी आवरणें, त्यांतील जाड-बारीक अंश कमीअधिक करणें, हीं कामें बहुतांशीं स्टुडिओंतील फळीवर मांडलेल्या लोखंडी पेट्यांकडून करवून घेत. एकेका पेटीची किंमत मोठी असे. व्हीएसटीमुळें तींच कामें घरच्या संगणकावर होऊं लागलीं. कंपनीनें आणखी एक दूरदृष्टीची गोष्ट केली. हे नियम तिनें आपल्यापुरते झांकून न ठेवतां इतर कारागिरांना मोफत दिले. १९९९ सालीं दुसरी आवृत्ति निघाली व तिच्यांत सुरांची आज्ञा प्लगइनपर्यंत पोंचविण्याची व्यवस्था झाली. तेव्हांपासून प्लगइन हें केवळ आवाजावर संस्कार करणारें साधन न राहतां स्वतःच वाजणारें वाद्य झालें. ही दुसरी आवृत्ति रचनेनें साधी होती; एकटा मनुष्य चार-आठ दिवस बसून ती समजून घेऊं शके. त्यामुळें जगभर हजारों वाद्यें तिच्या आधारें तयार झालीं.

२००८ सालीं कंपनीनें तिसरी आवृत्ति प्रसिद्ध केली. तिची रचना मुळापासून निराळी होती. आवाज घडविणारा भाग आणि पडद्यावर दिसणारा भाग यांची तिनें फारकत केली. कळींतील फरक गठ्ठ्याच्या नेमक्या कितव्या अंकापाशीं व्हावा हें सांगण्याची सोय केली. स्तब्धता असतांना वाद्यानें व्यर्थ शक्ति खर्चूं नये अशी तजवीज केली. गुण पुष्कळ होते. पण शिकण्यास ती जड होती, आणि जुनी आवृत्ति सर्वत्र नीट चालत असल्यामुळें नवीची निकड कोणास भासली नाहीं. एबल्टन कंपनीचें लाइव्ह हें लोकप्रिय सॉफ्टवेअर घ्या. त्यांत तिसऱ्या आवृत्तीला प्रवेश मिळाला तो २०१९ सालीं, म्हणजे ती निघाल्यावर अकरा वर्षांनीं. मालकाची इच्छा एक आणि बाजाराची चाल दुसरी, असा हा प्रकार झाला.

मग मालकानें आपला अधिकार वापरला. २०१३ सालानंतर जुन्या आवृत्तीची डागडुजी थांबली. २०१८ सालच्या ऑक्टोबरनंतर तिचे नवे परवाने देणें बंद झालें. ज्यांनीं पूर्वीं करार केला होता त्यांना आपलीं वाद्यें विकण्याची मुभा राहिली. पण त्यानंतर या धंद्यांत येणाऱ्याला तें दार मिटलें. २०२२ सालच्या जानेवारींत कंपनीनें जाहीर केलें, कीं पुढील चोवीस महिन्यांत आपल्या सॉफ्टवेअरांतून जुन्या आवृत्तीचा आधार काढून घेण्यांत येईल. यांत कंपनीनें कोणाचा विश्वासघात केला असें म्हणतां येणार नाहीं. वस्तु तिची होती, सूचना तिनें पुष्कळ आधीं दिली होती, आणि दोन आवृत्त्यांचें ओझें जन्मभर वाहण्यास ती बांधलेली नव्हती. परंतु परिणाम व्हावयाचा तो झालाच. ज्या एकट्या-दुकट्या कारागिरांनीं हौसेखातर सुंदर वाद्यें केलीं होतीं व नंतर जे दुसऱ्या उद्योगाला लागले, त्यांच्या वाद्यांना नव्या आवृत्तींत आणणारा कोणी उरला नाहीं. त्या वाद्यांवर ज्यांचीं गाणीं उभीं होतीं ते संगीतकार आजहि जुना संगणक सांभाळून ठेवतात, तो याच कारणानें.

या घटनेपासून बोध घेऊन पुढें जें घडलें तेंहि सांगितलें पाहिजे. बर्लिन शहरांतील यू-ही व बिटविग या दोन कंपन्यांनीं मिळून २०२२ सालच्या जूनमध्यें क्लॅप नांवाचा नवा फॉरमॅट प्रसिद्ध केला. त्याचा परवाना एमआयटी नांवानें ओळखला जातो. या परवान्याचा आशय असा, कीं मूळ मालकाची नोंद व परवान्याचा मजकूर कायम ठेवून कोणीहि ही वस्तु वापरावी, बदलावी, तिच्यावर धंदा करावा. त्यासाठीं करार करण्याचें किंवा कोणाची संमति मागण्याचें कारण नाहीं. दुधानें तोंड पोळलेला ताकहि फुंकून पितो. पण येथें कारागिरांनीं फुंकण्यापेक्षां आपलीच गाय पाळण्याचा विचार केला, असें म्हणावें लागेल. स्टाइनबर्ग कंपनीनेंहि काळाचें वळण ओळखलें. तिच्या तिसऱ्या आवृत्तीला २०१७ पासून खुल्या परवान्याचा एक पर्याय होता; पण त्याखालीं काम करणाऱ्याला आपल्या प्लगइनची मूळ संहिताहि खुली करावी लागे, आणि तें नको असल्यास कंपनीशीं लेखी करार करावा लागे. २०२५ सालच्या ऑक्टोबरमध्यें कंपनीनें ही अडचण दूर केली व तिसरी आवृत्ति एमआयटी परवान्याखालीं खुली केली. व्हीएसटी हें नांव व त्याचें चिन्ह मात्र कंपनीच्याच मालकीचें आहे.

आतां इतर फॉरमॅटांकडे वळूं. अमेरिकेंतील ॲपल कंपनीच्या संगणकांत ऑडिओ युनिट हा फॉरमॅट चालतो. या कंपनीनें २००२ सालीं इमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली व तिचें लॉजिक हें सॉफ्टवेअर आपल्याकडे आणलें. आज लॉजिक व त्याचें धाकटें भावंड गॅरेजबँड या दोहोंत बाहेरचें प्लगइन घालावयाचें तर तें ऑडिओ युनिटच असावें लागतें. २०१५ सालीं या फॉरमॅटची तिसरी आवृत्ति आली. ती आयपॅड व आयफोन यांवरहि चालते. या यंत्रांसाठीं वाद्य करावयाचें असेल तर तिच्याकडेच जावें लागतें.

दुसरा फॉरमॅट एएएक्स. हा ॲव्हिड कंपनीच्या प्रो टूल्स या सॉफ्टवेअरचा होय. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत व मोठ्या स्टुडिओंत प्रो टूल्सचा फार प्रचार आहे. २०११ सालीं हा फॉरमॅट आला. आणि २०१३ सालच्या अकराव्या आवृत्तीपासून प्रो टूल्सनें आपलेच जुने फॉरमॅट वर्ज्य केले. येथें आणखी एक पायरी आहे. कारागिरानें प्लगइन तयार केलें एवढ्यानें भागत नाहीं. पेस नांवाच्या कंपनीच्या साधनांनीं त्यावर डिजिटल सही व्हावी लागते. त्या सहीवांचून ग्राहकाच्या प्रो टूल्समध्यें तें उघडत नाहीं.

लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांनीं आपली वाट निराळी काढली. २००० सालीं लॅडस्पा नांवाचा अत्यंत साधा फॉरमॅट निघाला. आवाज आंत घेणें, कळा वाचणें व आवाज बाहेर देणें, एवढेंच तो जाणत असे. पुढें २००८ सालीं एलव्ही-टू आला. त्यांत वाद्याचें वर्णन संहितेपासून वेगळें, एका साध्या लिखित फाइलींत ठेवतात. त्यामुळें वाद्य प्रत्यक्ष न उघडतांहि त्याच्यांत कोणत्या कळा आहेत हें यजमानाला वाचतां येतें. हे दोन्ही फॉरमॅट प्रथमपासून खुले आहेत. लिनक्सबाहेर मात्र त्यांचा प्रसार बेताचाच झाला.

यावरून निवडीची पहिली कसोटी सहज लक्षांत येते. वाद्य विकत घेणारा कोणत्या यजमानाच्या घरीं बसतो, हें आधीं विचारावें. फॉरमॅट कितीहि निर्दोष असला, तरी ज्या घरांत त्याला पाट मांडला जात नाहीं तेथें त्याचा उपयोग शून्य. क्लॅपची रचना पुष्कळांना आवडते. बिटविग, रीपर व एफएल स्टुडिओ यांनीं त्याला स्वीकारलें आहे. पण लॉजिक व प्रो टूल्स यांत त्याला प्रवेश नाहीं. जो कारागीर केवळ आवडीपोटीं तेवढाच एक फॉरमॅट धरील, तो आपल्या हातानें निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकाला पाठ दाखवील. दुसरी कसोटी मालकीची. किल्ली कोणाच्या हातीं आहे, आणि ती उद्यां काढून घेतली तर आपलें काय होईल, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वीं विचारावयाचा असतो, नंतर नव्हे.

तिसरी कसोटी संगीताच्या स्वभावाची. आपल्याकडील वाद्यें संगणकावर आणूं पाहणाऱ्यांनीं ती विशेष लक्षपूर्वक पाहावी. सुरांच्या आज्ञा पोंचविण्यासाठीं १९८३ पासून मिडी नांवाची पद्धति रूढ आहे. ती मुळांत पट्ट्यांच्या वाद्यावरून सुचलेली. पट्टी दाबली, सूर लागला. पट्टी सोडली, सूर थांबला. सूर वांकविण्याची सोय तींत आहे. परंतु ती एकेका सुराला नसून सबंध वाहिनीला आहे. म्हणजे एका वाहिनीवर दोन सूर चालूं असतील, तर एकाला वांकवितांना दुसराहि त्याच्याबरोबर वांकतो. आतां सतार घ्या. बाजाची तार ओढून वादक षड्जावरून गांधारापर्यंत मींड घेतो, आणि त्याच वेळीं चिकारीच्या तारा आपल्या जागीं अचल राहून छेडल्या जातात. वर सांगितलेल्या रीतीनें हें वाजवूं गेल्यास चिकारीहि मींडेबरोबर घसरत जाईल, आणि ऐकणाऱ्याला तें सतारवादन न वाटतां सतारीची थट्टा वाटेल. पट्टीच्या वाद्यावर मींड येत नाहीं, हा आक्षेप आपल्याकडे जुनाच आहे. त्याच्या जोरावर १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला बंदी घातली होती, व ती १९७१ सालीं सैल झाली. संगणकांत तीच अडचण नव्या वेषानें पुढें येते.

तिच्यावर उपाय निघाले आहेत. २०१८ सालीं मिडीच्या नियामक संस्थेनें एमपीई नांवाची रीत मान्य केली. तींत प्रत्येक वाजत्या सुराला स्वतंत्र वाहिनी देतात. त्यामुळें एक सूर वांकला तरी शेजारचा स्थिर राहतो. व्हीएसटीची तिसरी आवृत्ति व क्लॅप यांत तर प्रत्येक सुराची उंची, त्याचा जोर व त्याचा पोत वेगवेगळा बदलण्याची सोय फॉरमॅटच्याच अंगीं आहे. मात्र एक गोष्ट विसरूं नये. फॉरमॅटांत सोय असणें निराळें आणि यजमानानें ती वापरणें निराळें. म्हणून श्रुतींचें वा मींडेचें काम असलेलें वाद्य घडविणाऱ्यानें कागदावरील गुण वाचून न थांबतां, ज्या तीन-चार सॉफ्टवेअरांत आपलें वाद्य वाजावें अशी त्याची इच्छा आहे, तेथें एक लहानसा नमुना करून दोन सूर एकत्र वाजवावे आणि त्यांतील एकच वांकवून पाहावा. अर्ध्या दिवसाच्या या प्रयोगानें पुढील सहा महिन्यांचा पश्चात्ताप वांचतो. व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तींत मिडीच्या इतर नियंत्रणांची व्यवस्थाहि निराळी आहे. तीं नियंत्रणें वाद्याकडे सरळ येत नाहींत, तर वाद्याच्या कळांशीं त्यांची सांगड घालून द्यावी लागते. जुन्या आवृत्तीची संवय असलेले कारागीर येथें हमखास अडखळतात.

इतके फॉरमॅट, इतके यजमान, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. मग एकट्या मनुष्यानें हें कसें निभवावें? याचें उत्तर असें, कीं वाद्याचा गाभा आणि फॉरमॅटचें वेष्टन यांची पहिल्या दिवसापासून फारकत ठेवावी. गाभा म्हणजे ज्या गणितानें नाद उत्पन्न होतो किंवा बदलतो तो भाग. त्यांत कोणत्याहि फॉरमॅटचें नांवदेखील येऊं देऊं नये. त्यानें अंकांचा गठ्ठा, सुरांच्या आज्ञा व कळांच्या किंमती घ्याव्या आणि अंकांचा गठ्ठा परत द्यावा, एवढेंच. त्याच्याभोंवतीं पातळसें वेष्टन घातलें कीं व्हीएसटी झालें. दुसरें घातलें कीं ऑडिओ युनिट झालें. पोथी एकच, बासन बदललें, असा हा व्यवहार आहे. हीं वेष्टनें स्वतः लिहिण्याचीहि आवश्यकता नाहीं. ज्यूस नांवाच्या तयार साधनसंचांतून एकाच संहितेपासून व्हीएसटीची तिसरी आवृत्ति, ऑडिओ युनिट, एएएक्स व एलव्ही-टू हे सर्व प्रकार निघतात. आयप्लग-टू हा असाच दुसरा संच आहे. क्लॅपमध्यें लिहिलेल्या वाद्याला बाहेरून व्हीएसटी व ऑडिओ युनिट यांचीं वेष्टनें घालणारें साधनहि खुलें उपलब्ध आहे. मात्र या संचांनाहि परवाने असतात. ज्यूस खुल्या परवान्याखालीं वापरल्यास आपली संहिताहि खुली करावी लागते. ती झांकून ठेवावयाची असल्यास उलाढालीच्या मानानें ठरणारा निराळा परवाना घ्यावा लागतो. आगींतून उठून फुफाट्यांत पडूं नये, यासाठीं हे कागदहि तितक्याच काळजीनें वाचले पाहिजेत.

गाभा वेगळा ठेवल्यावरहि दोन नियम पाळावे लागतात. आणि संगीतकाराच्या दृष्टीनें तेच सर्वांत महत्त्वाचे. पहिला नियम कळांच्या ओळखीचा. गाण्यांत अमुक ठिकाणीं अमुक कळ इतकी फिरावी, ही नोंद यजमान कळेच्या नांवावर ठेवीत नाहीं. तो ती कळेच्या क्रमांकावर किंवा ओळखचिन्हावर ठेवतो. जुन्या व्हीएसटींत हें काम नुसत्या अनुक्रमावर चाले. समजा, वाद्याला बारा कळा आहेत, आणि पुढील आवृत्तींत कारागिरानें चौथी व पांचवी यांच्या मध्यें एक नवी कळ घातली. तेथून पुढें प्रत्येक कळेचा क्रमांक एकानें सरकला. आतां जुनें गाणें उघडलें, तर घुमाऱ्याची नोंद आवाजाच्या पातळीला लागूं होते आणि पातळीची नोंद तिसऱ्याच कळेला. संगीतकाराला आपलें काय चुकलें हेंच उमगत नाहीं. कारण त्याचें कांहींच चुकलेलें नसतें. म्हणून एकदां दिलेली ओळख कधींहि बदलूं नये. नवी कळ नेहमीं शेवटीं जोडावी. आणि टाकून दिलेल्या कळेची ओळख पुन्हां दुसऱ्या कोणास देऊं नये.

दुसरा नियम जतन केलेल्या स्थितीचा. वाद्य आपली स्थिति यजमानाजवळ ठेवावयास देतें, तेव्हां तिच्या आरंभीं आवृत्तीचा आंकडा लिहावा. आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला मागील सर्व आवृत्त्यांचें लेखन वाचतां यावें. ही स्थिति फॉरमॅटच्या ढंगानें न लिहितां गाभ्याच्या ढंगानें लिहिली, तर एका फॉरमॅटांतून दुसऱ्यांत जातांना तीच उपयोगी पडते. व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तींतून तिसरींत जातांना ज्यांनीं हें पथ्य पाळलें होतें, आणि नव्या वाद्याची ओळख जुन्या ओळखीशीं जुळवून दिली होती, त्यांच्या ग्राहकांचीं जुनीं गाणीं क्यूबेससारख्या यजमानांत नव्या वाद्यानिशीं उघडूं शकलीं. ज्यांनीं पाळलें नव्हतें, त्यांच्या ग्राहकांना प्रत्येक कळ हातानें पुन्हां जुळवावी लागली.

वाद्य बाजारांत आणण्यापूर्वीं त्याची परीक्षा घेण्यासाठींहि साधनें आहेत. ॲपलचें एयूव्हॅल, स्टाइनबर्गचें व्हॅलिडेटर आणि ट्रॅकशन कंपनीचें प्लगइनव्हॅल हीं प्लगइनला नाना प्रकारें छेडून पाहतात. गठ्ठ्याचा आकार मध्येंच बदलणें, स्थिति शंभरदां जतन करून परत आणणें, खिडकी उघडून लगेच मिटणें, अशा प्रसंगांत वाद्य कोसळलें तर तें परीक्षेंतच कोसळावें, गिऱ्हाइकाच्या मुद्रणांत नव्हे. यंत्राच्या बदलाचाहि विसर पडूं देऊं नये. ॲपलनें २०१९ सालच्या कॅटालिना प्रणालींत ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरचा आधार काढून टाकला, आणि २०२० पासून आपल्या संगणकांतील प्रोसेसरच बदलला. दोन्ही वेळां फॉरमॅट तेच होते. पण ज्यांच्याजवळ मूळ संहिता नीट जतन केलेली होती व जे ती पुन्हां नव्यानें बांधूं शकले, त्यांचींच वाद्यें नव्या प्रणालींत तग धरून राहिलीं.

सारांश असा. विंडोज व मॅक या दोन्ही संगणकांवर वाद्य विकूं इच्छिणाऱ्यानें प्रथम व्हीएसटीची तिसरी आवृत्ति व ऑडिओ युनिट हे दोन फॉरमॅट हातीं घ्यावे. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रकांपर्यंत पोंचावयाचें असेल तर एएएक्स जोडावा, आणि त्याच्या सहीचा खटाटोप आधींच हिशेबांत धरावा. आयपॅडसाठीं ऑडिओ युनिटची तिसरी आवृत्ति अपरिहार्य आहे. लिनक्सवरील मंडळींसाठीं एलव्ही-टू किंवा क्लॅप द्यावा. गाभा वेगळा ठेवला असल्यास क्लॅपची भर घालण्यास फारसें सायास पडत नाहींत, आणि त्याची किल्ली कोणा एकाच्या कमरेला नाहीं. व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तींत मात्र नव्यानें कांहीं आरंभूं नये. ज्यांच्याजवळ त्या आवृत्तींतलीं जुनीं गाणीं आहेत अशा संगीतकारांनीं, जुना संगणक चालतो आहे तोंच, प्रत्येक वाद्याचा सूर स्वतंत्रपणें साध्या ध्वनिफाइलींत उतरवून ठेवावा. ती फाइल उघडण्यास कोणत्याहि प्लगइनची गरज लागत नाहीं. हें काम कंटाळवाणें आहे. एका गाण्याला एखादी संध्याकाळ सहज जाईल. पण जुना संगणक बंद पडल्यावर तेंच काम कितीहि पैसे मोजून करून घेतां येईलच, असें नाहीं.